गृहोपयोगी राउटरमधील कमांड इंजेक्शन : एका तांत्रिक त्रुटीचा ऐतिहासिक आढावा (२००२ ते २०२४)

प्रस्तावना :
इतिहासलेखनात राजसत्ता, युद्धे व चळवळी यांना जे स्थान मिळाले, ते घरातील लहान यंत्रांना क्वचितच लाभले. तथापि घराला इंटरनेटशी जोडणारा राउटर एकविसाव्या शतकात संगणकीय सुरक्षेच्या केंद्रस्थानी आला. प्रस्तुत लेखात त्याच्या फर्मवेअरमधील कमांड इंजेक्शन या त्रुटीच्या वाटचालीचा परामर्श घेतला आहे.

त्रुटीचे स्वरूप :
राउटरची व्यवस्था पाहण्यासाठी त्यातच एक वेबपृष्ठ असते. तेथे भरलेला मजकूर न पडताळता कार्यप्रणालीच्या शेलकडे सोपविल्यास, पत्त्यापुढे अर्धविराम देऊन लिहिलेला भाग स्वतंत्र आज्ञा म्हणून अमलात येतो. हे कार्यक्रम बहुधा सर्वाधिकारानिशी चालत असल्याने संपूर्ण यंत्र परक्याच्या ताब्यात जाते.

ऐतिहासिक वाटचाल :
डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेला लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर लिनक्सवर आधारित होता. परवान्याच्या अटींमुळे २००३ मध्ये त्याची स्रोतसंहिता खुली करण्यात आली. त्याच्या ‘पिंग’ चाचणीच्या पृष्ठावरील त्रुटीचा उपयोग जाणकार ग्राहकांनी स्वतःच्याच यंत्रावर ओपनडब्ल्यूआरटी ही २००४ मध्ये सुरू झालेली प्रणाली बसविण्यासाठी केला. म्हणजेच आरंभी ही त्रुटी मालकाला स्वातंत्र्य देणारी ठरली.

पुढे चित्र पालटले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘द मून’ नामक कृमी लिंकसिसच्या ई-मालिकेतील राउटरांत पासवर्डविनाच शिरून आपोआप पसरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराईच्या एका नव्या रूपाने दूरस्थ व्यवस्थापनातील वेळ-सर्व्हरच्या रकान्यातून आज्ञा घुसविल्या. त्या माऱ्याने जर्मनीतील डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा विस्कळीत झाली. डिसेंबर २०१६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट समन्वय केंद्राने नेटगिअरच्या काही राउटरांचा वापर दुरुस्ती येईपर्यंत थांबविण्याचा सल्ला दिला.

उत्तरदायित्वाचा प्रश्न :
अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०१७ मध्ये डी-लिंकविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यातील आरोपांत कमांड इंजेक्शनचाही समावेश होता. जुलै २०१९ मध्ये तडजोड झाली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सुरक्षा-अद्यतनांचा कालावधी जाहीर करणे उत्पादकांना बंधनकारक केले. मात्र केवळ दुरुस्ती उपलब्ध करणे पुरेसे नसते. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ साठी ती मार्च २०२३ मध्ये आली, तरीही एप्रिलमध्ये मिराईने तीच त्रुटी वापरली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ही त्रुटी अज्ञात नव्हती आणि तिचा उपायही अवघड नव्हता. ग्राहक राउटर विकत घेतो, पण त्याच्या अंतरंगात डोकावू शकत नाही. म्हणून दक्षतेचा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. तो प्रथमतः उत्पादकाने वाहिला पाहिजे, हाच या दोन दशकांच्या इतिहासाचा बोध होय.