खावटी, कोठी आणि अंगणवाडी : शहापूर-मुरबाडच्या भुकेचा आणि मदतीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. एका तालुक्याच्या कडेने कसाऱ्याचा घाट चढतो, दुसऱ्याच्या कडेने माळशेजचा. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. या भागाचा इतिहास लिहिणारे बहुधा किल्ले, घाटवाटा आणि १९४२ चा लढा यांविषयी लिहितात. या लेखाचा विषय वेगळा आहे. येथल्या गरीब घरातले तान्हे मूल आणि त्याची आई यांच्या पोटाला आधार देण्याचे प्रयत्न गेल्या शंभर वर्षांत कोणी आणि कसे केले, आणि ते कुठे तोकडे पडले, याचा हा शोध आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. येथल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली कुटुंबांच्या भुकेला ठरलेले महिने आहेत. घरातले भात-नागली उन्हाळ्याच्या अखेरीस संपत येते. ज्येष्ठात शेतीची कामे सुरू होतात, आषाढात लावणी होते. अंगमेहनत सर्वांत जास्त आणि घरात धान्य सर्वांत कमी, अशी ही वेळ. हळवे भात हाती येईपर्यंत भाद्रपद उलटतो. तोवर शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, ओढ्यातल्या चिंबोऱ्या आणि उकळून कडूपणा घालवलेले कंद यांवर दिवस काढायचे. याच दिवसांत जुलाब आणि हिवताप वाढतात. लावणीला गेलेल्या आईचे तान्हे मूल दिवसभर थोरल्या बहिणीच्या कडेवर असते आणि ती बहीणही सहा-सात वर्षांची. मुलाचे वजन घटते ते या दोन-तीन महिन्यांत.

कातकऱ्यांची स्थिती आणखी बिकट. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्याने जंगलावर सरकारी पकड बसली आणि हा धंदा त्यांच्या हातून गेला. जमीन बहुतेकांना नव्हतीच. राहिली ती मजुरी, आणि मजुरी नसेल तेव्हा कर्ज.

पावसाळ्यातल्या या धान्यकर्जाला ‘खावटी’ म्हणत. खावटी म्हणजे खाण्यापुरते धान्य. सावकाराकडून एक मण भात उचलायचे आणि पीक आले की दीडीने, म्हणजे दीड मण, परत करायचे. अडचण मोठी असेल तर दुप्पट. व्यवहार साधा दिसतो, पण त्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकला. खळ्यावरूनच धान्य गेले की पुढच्या आषाढात घर पुन्हा रिकामे. म्हणजे यंदाच्या बाळाला जगवण्यासाठी काढलेले कर्ज पुढच्या वर्षीच्या बाळाच्या ताटातून फेडले जाई. मात्र सावकार एक गोष्ट अचूक करी. तो धान्य वेळेवर देई आणि त्यासाठी कागद मागत नसे. पुढच्या सरकारी योजनांचा विचार करताना ही गोष्ट आठवणीत ठेवावी लागते.

१९३५ च्या कायद्यानुसार १९३६ मध्ये ‘अंशतः वगळलेली क्षेत्रे’ ठरवण्यात आली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातून डहाणू आणि शहापूर हे तालुके व मोखाडा आणि उंबरगाव हे पेठे त्यात आले. मुरबाड त्या यादीत नव्हते. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी सोपवली गेली. सावकारी कर्ज आणि वेठ यांचे चित्र त्या अहवालाने सरकारी कागदावर आणले. पण सीमारेषेपलीकडच्या मुरबाडमध्ये पाऊस तोच, सावकारीची रीतही तीच. १९८५ मध्ये अनुसूचित क्षेत्रे नव्याने जाहीर झाली, तेव्हाही शहापूर तालुका संपूर्ण आला आणि मुरबाडची काही गावे तेवढी आली. कोणते मूल मदतीस पात्र, हे ठरवण्यात नकाशावरच्या रेषेचा वाटा येथे नेहमीच मोठा राहिला आहे.

सावकारी खावटीला पर्याय शोधणारा पहिला ठळक प्रयत्न या परिसरात भाई कोटवाल यांचा. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोटवाल वकील झाले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आजही त्या दिवशी सिद्धगडावर लोक जमतात. विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचे कोटवाल फारसे सांगितले जात नाहीत. कर्जत भागात त्यांनी खेडोपाडी शाळा काढल्या, आणि टंचाईच्या काळात शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठ्या उभ्या करण्याची खटपट केली. कोठीची कल्पना सोपी आहे. सुगीत धान्य एकत्र साठवायचे, पावसाळ्यात गरजूला द्यायचे, पीक आले की परत घ्यायचे. खावटीचाच व्यवहार, पण दीडीचा नफा सावकाराच्या घरी जाणार नाही. केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना आणली ती १९९६-९७ मध्ये. मधे अर्धे शतक गेले होते.

दुसरा प्रयत्न याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब घरातली मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहिल्यावर या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. शिकवण्याआधी मुलाला आंघोळ घालणे, नखे कापणे, खरूज धुणे आणि काहीतरी खायला देणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. मदतीने मुलाकडे जायचे, हे सूत्र येथे प्रथम पक्के झाले.

१९७५ चा ऑक्टोबर महिना या इतिहासात महत्त्वाचा आहे. २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश निघाला. त्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. एका निर्णयाने मुलाला पोषण मिळायचे होते, दुसऱ्याने त्याच्या बापाला मोकळीक. प्रत्यक्षात दोन्ही वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत राहिले. ठाणे जिल्ह्यातले वेठबिगार सोडवायला १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला रस्त्यावर यावे लागले.

महाराष्ट्र सरकारने १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू केले. नाव जुनेच ठेवले, हे बरे केले, कारण गरज कोणती हे त्या नावातच होते. बहुतांश धान्यरूपाने आणि थोडी रोख रक्कम अशी ही मदत होती. पुढे थकबाकी वाढत गेली आणि योजना थांबली. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती खावटी अनुदान म्हणून परत आली. प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांतले २,००० रोख आणि २,००० चे धान्य-किराणा. परतफेड नाही, ही मोठी सुधारणा. पण निर्णय सप्टेंबर २०२० चा, म्हणजे त्या वर्षीचा आषाढ-श्रावण उलटल्यावरचा. वस्तूंचे वाटप अनेक ठिकाणी २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत लांबले.

दरम्यान १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य पोहोचवणे, गरोदर स्त्रियांची तपासणी करणे, पाणी शुद्ध ठेवणे ही कामे एका देखरेखीखाली आणण्याचा तो विचार होता. २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम, चौरस जेवण देऊ केले. भाकरी-भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे. पुढे लहान मुलांनाही अंडी किंवा केळी मिळू लागली. पाकिटातला कोरडा आहार घरी गेला की तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. अंगणवाडीत बसून जेवलेले ताट मात्र त्या बाईच्याच पोटात जाते. योजनेचे बळ यात आहे.

एवढे सगळे असूनही एक मोठी फट राहते, आणि हा अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच दिवसांत ती उघडी पडते. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची ‘जोडी’ भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. मुले बरोबर असतात. अक्षय तृतीयेपासून पहिल्या पावसापर्यंत त्यांची परत यायची वेळ. म्हणजे जुनी खावटी आता धान्याऐवजी रोख उचलीच्या रूपात मिळते आणि ती फेडायला सहा महिने कुटुंबच घराबाहेर राहते. गावच्या अंगणवाडीच्या पटावर मूल असते, पण अंगणवाडीत नसते. भट्टीवर ते असते, पण तिथल्या पटावर त्याचे नाव नसते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीच्या भोंग्याजवळ भोंगाशाळा भरवल्या, त्या कुरणशाळेच्याच वंशातल्या. स्थलांतरित मातांची आणि बालकांची नोंद ठेवणारी संगणकीय प्रणालीही राज्याने अलीकडे आणली आहे. नोंदीमागोमाग ताटही भट्टीवर पोहोचले, तर ती ताराबाई-अनुताईंच्या वाटेने गेली असे म्हणता येईल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. कुपोषणाची चर्चा त्या नावाबरोबर तिकडे गेली. शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले, आणि ठाण्याची जिल्हा सरासरी काढताना त्यात ठाणे, कल्याण, उल्हासनगर अशी शहरे मोजली जातात. अशा सरासरीत वाडीवरचे मूल सापडत नाही. या दोन तालुक्यांचे आकडे वेगळे काढून, आणि तेही आषाढातले व माघातले असे दोनदा पाहिले, तरच खरे चित्र कळेल.

या शतकभरात जे उपाय टिकले, त्यांत तीन गोष्टी समान दिसतात. कोठीतले धान्य आषाढापूर्वी तयार असे. अंगणवाडी मुलाच्या दारात गेली. अमृत आहाराचे ताट आईच्या समोर आले. जिथे वेळ चुकली, जागा चुकली किंवा नकाशाची रेष आड आली, तिथे पैसा खर्च झाला तरी मूल उपाशी राहिले. सावकाराला आषाढ कळत होता आणि भट्टीमालकाला आजही कळतो. उचलीची रक्कम तो नेमकी त्याच महिन्यात वाडीवर घेऊन येतो. सरकारी खावटी त्याच्याआधी पोहोचली, तर पुढच्या दिवाळीनंतर काही घरांना कुलूप लागणार नाही, आणि त्या घरातले मूल आपल्या गावच्या अंगणवाडीत जेवेल.