पॉम्पेई : राखेखालच्या नगरात एक दिवस

इटलीतील नेपल्स शहराच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर, व्हेसुव्हियस पर्वताच्या पायथ्याशी पॉम्पेई हे प्राचीन रोमन नगर आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात ते राखेखाली गाडले गेले आणि जवळजवळ सतराशे वर्षे तसेच राहिले. रोममधील कोलोझियम किंवा फोरम पाहताना साम्राज्याचे वैभव डोळ्यांपुढे उभे राहते. पॉम्पेईत दिसते ते दहा-बारा हजार वस्तीच्या एका व्यापारी गावाचे रोजचे जगणे. तिथे बेकऱ्या आहेत, धोबीखाने आहेत, खाणावळी आहेत, भिंतींवर निवडणुकीचा प्रचार आहे. रोमन संस्कृतीविषयी कुतूहल असलेल्या प्रवाशाला एकच अवशेष पाहता येणार असेल, तर तो हाच असावा.

रोममध्ये उतरलेल्या पर्यटकांसाठी पॉम्पेईच्या एका दिवसाच्या खासगी सहली सहज मिळतात. मोटार, चालक आणि मागणी केल्यास मार्गदर्शक असे त्यांचे स्वरूप असते. सहल आपल्यापुरतीच असल्याने कुठे किती वेळ थांबायचे हे आपल्या हाती राहते, आणि जादा पैसे मोजण्याचे तेवढेच कारण आहे. मात्र अशा अनेक सहलींचा ठरीव कार्यक्रम नेमका हा फायदाच घालवून टाकतो. सकाळी सातला रोम सोडायचे, पॉम्पेईत दोन तास, दुपारी अमाल्फीचा किनारा किंवा सोरेंतो, आणि रात्री परत. रोम ते पॉम्पेई हे अंतर एका बाजूने सुमारे २४० किलोमीटर आहे. जाण्यायेण्यातच साडेपाच-सहा तास जातात. उरलेल्या वेळात किनाऱ्याची वळणे घालायची म्हटल्यावर अवशेषांच्या वाट्याला धावती भेटच येणार. अमाल्फीचे सौंदर्य वादातीत आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

याहून चांगली व्यवस्था अशी : रोमहून नेपल्सपर्यंत वेगवान रेल्वेने जावे. हा प्रवास तासाभरापेक्षा थोडाच अधिक आहे. मोटार आणि मार्गदर्शक नेपल्स स्थानकावरून घ्यावा, सकाळी पॉम्पेई पाहावे आणि दुपारनंतर नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावे. हे संग्रहालय टाळून केलेली पॉम्पेईची भेट अर्धीच म्हणावी लागेल. अठराव्या शतकापासून उत्खननात जे जे हलवण्याजोगे सापडले, त्यातले बहुतेक नेपल्सला नेण्यात आले. उत्तम भित्तिचित्रे भिंतीवरून कापून काढली गेली. घर पॉम्पेईत आणि घरातले सामान नेपल्सला, अशी ही विभागणी आहे.

अठरा तासांचा विनाश

उद्रेकाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत उपलब्ध आहे, ही पॉम्पेईची आणखी एक विशेषता. त्या वेळी सतरा वर्षांचा असलेला धाकटा प्लिनी आखाताच्या दुसऱ्या टोकावरील मिसेनम येथून हे दृश्य पाहत होता. पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने ते नोंदवून ठेवले. त्याचा मामा थोरला प्लिनी हा तेथील आरमाराचा प्रमुख. गलबते घेऊन तो मदतीला निघाला आणि स्टॅबीच्या किनाऱ्यावर मरण पावला.

दुपारी एकच्या सुमारास पर्वतातून राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात उठला. पॉम्पेईवर प्रथम सच्छिद्र हलके दगड पडू लागले. त्यांचा थर वाढत गेला तशी छपरे कोसळू लागली. पुष्कळ लोक या काळात नगर सोडून गेले असावेत. मागे राहिलेल्यांचा घात झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पर्वतावरून तप्त वायू आणि राखेचे लोट जमिनीलगत धावत आले आणि त्यांनी नगर गाठले. आजवर हजाराहून अधिक मृतांचे अवशेष मिळाले आहेत. या घटनेची तारीख परंपरेने २४ ऑगस्ट मानली जाते, परंतु २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली. शरद ऋतूतील फळांचे अवशेषही पूर्वीच मिळालेले होते. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरात झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

पॉम्पेईचे पद्धतशीर नसलेले पहिले उत्खनन नेपल्सच्या बूर्बाँ राजवटीत १७४८ मध्ये सुरू झाले. हे पॉम्पेईच आहे, याची खात्री पटायला १७६३ साल उजाडावे लागले. तटबंदीच्या आतील सुमारे ६६ हेक्टरांपैकी एक तृतीयांश भाग आजही मुद्दाम न खणता राखून ठेवला आहे.

रस्ते, ओटे आणि चौक

मार्गदर्शकाला पहिलीच सूचना द्यावी, ती मोठ्या इमारतींची यादी बाजूला ठेवण्याची. फोरमचे प्रांगण, त्यामागे दिसणारा व्हेसुव्हियस आणि वीस हजार प्रेक्षक मावतील असे लंबवर्तुळाकार प्रेक्षागार ही स्थळे पाहायला हवीतच, पण पॉम्पेईचा जीव रस्त्यांवर आहे.

रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाने फरसबंद केलेले आहेत. गाड्यांच्या चाकांनी त्यांत खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उंच दगड बसवलेले असून, त्यांच्यामधून गाडीची चाके जाऊ शकतील एवढे अंतर सोडले आहे. पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी रस्त्यावरूनच वाहत असे, हे लक्षात घेतले की या दगडांचे प्रयोजन उमगते. चौकाचौकांत पाण्याच्या दगडी टाक्या आहेत. तोटीकडे वाकताना पिढ्यान्‌पिढ्या जिथे हात टेकले, तिथे टाकीची कड झिजलेली स्पष्ट दिसते.

रस्त्याकडेची खाण्यापिण्याची दुकाने दगडी ओट्यांवरून ओळखावीत. ओट्यात गळ्यापर्यंत बसवलेले रांजण असतात. २०२० मध्ये पूर्ण उघडकीस आलेल्या अशा एका दुकानाच्या ओट्यावर कोंबडा आणि उलटी टांगलेली बदके रंगवलेली आहेत. रांजणांत बदक, डुक्कर, शेळी-मेंढी, मासे आणि गोगलगायी यांचे अंश सापडले. गरिबांच्या घरांत स्वयंपाकघर क्वचितच असे, ते अशा दुकानांतूनच जेवत.

बेकऱ्यांत काळ्या दगडाची, पुरुषभर उंचीची जाती उभी आहेत. डोळ्यांवर झापड बांधलेली गाढवे ती तेलघाण्याच्या बैलासारखी फिरवत. एका बेकरीच्या भट्टीत १८६२ मध्ये ८१ पाव कोळसा होऊन, पण आकार शाबूत राहून मिळाले. मात्र २०२३ च्या डिसेंबरात उजेडात आलेली बेकरी पाहिल्यावर या चित्रातला गोडवा उतरतो. एका अंधाऱ्या जागेत जाती, उंचावर गजांच्या छोट्या खिडक्या आणि बाहेर पडायला वाट नाही. गाढवांबरोबर गुलामांनाही तिथे कोंडून दळण दळवले जात असे. जनावरांची पावले एकमेकांत अडकू नयेत म्हणून फरशीत खाचा कोरलेल्या आहेत. रोमन सुखवस्तूपणा कोणाच्या श्रमावर उभा होता, हे येथे एका दृष्टिक्षेपात कळते.

भिंतींवर लाल-काळ्या रंगांत लिहिलेल्या प्रचाराच्या हजारो ओळी हा मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा भाग. दरवर्षी नगराचे पदाधिकारी निवडले जात. बेकरीवाले, फळविक्रेते, खेचरवाले आपापल्या उमेदवाराची शिफारस भिंतीवर रंगवून घेत. वातिआ नावाच्या एका उमेदवाराला तर भुरटे चोर, रात्री उशिरापर्यंत पिणारे आणि झोपाळू मंडळी यांचा पाठिंबा असल्याचे जाहीर केलेले आढळते. हा समर्थकांचा विनोद होता की विरोधकांचा डाव, ते सांगणे कठीण. डाव असेल तर भिंती रंगवण्याच्या राजकारणाचे वय दोन हजार वर्षे धरावयास हरकत नाही.

घरांपैकी वेत्ती बंधूंचे घर चुकवू नये. सुमारे वीस वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. जुना वाडा ज्याने पाहिला आहे त्याला रोमन घराची रचना समजावून सांगावी लागत नाही. दारातून आत गेल्यावर आकाशाला उघडा चौक, पावसाचे पाणी साठवणारे मधले कुंड, सभोवती खोल्या, एका कोपऱ्यात कुलदेवतांचे छोटे देवघर आणि मागे बाग. वेत्ती बंधू हे मुक्त झालेले गुलाम होते, असे मानले जाते. व्यापारात श्रीमंत होऊन त्यांनी हे घर चित्रांनी मढवले. अशाच एका मुक्त गुलामाने, इ. स. ६२ च्या भूकंपात पडलेले इजिप्शियन देवता इसिसचे मंदिर आपल्या सहा वर्षांच्या मुलाच्या नावे पुन्हा बांधून दिले. कारण त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हते. नगरसभेने मुलाला फुकटात सदस्य करून घेतल्याचे तेथील शिलालेख सांगतो.

उद्रेकात मृत झालेल्यांच्या प्रतिकृती हा पर्यटकांचा सर्वांत मोठा ओढा. कठीण झालेल्या राखेत देह कुजून राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतण्याची युक्ती उत्खननप्रमुख फिओरेली यांनी १८६३ मध्ये अमलात आणली. त्यांतून वस्त्रांच्या चुण्या आणि चेहऱ्यांवरील भावही प्रकट झाले. प्लास्टरच्या आत खरी हाडे आहेत, याचे भान छायाचित्रे काढताना ठेवलेले बरे. मार्गदर्शकांच्या हृदयद्रावक कथाही पारखूनच ऐकाव्यात. सोन्याचे कंकण ल्यालेली आणि मुलाला कडेवर घेतलेली एक ‘आई’ कल्पनारम्य लेखनाच्या परंपरेत चांगलीच रुळली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत ती व्यक्ती पुरुष निघाली आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नातेही नव्हते.

नेपल्समधील ‘लक्ष्मी’

दुपारनंतर संग्रहालय. फौनाच्या घरातील अलेक्झांडर आणि दरायस यांच्या युद्धाचे प्रचंड मोझेइक, चांदीची भांडी, शल्यक्रियेची हत्यारे, कोळसा झालेला पाव यांत दोन-तीन तास कमी पडतात. मराठी पर्यटकाने मात्र एक लहानशी वस्तू शोधून पाहावी. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात हस्तिदंताची, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची स्त्रीप्रतिमा सापडली. भरगच्च अलंकार, दोन्ही बाजूंना दासी आणि शैली निःसंशय भारतीय. ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली, परंतु ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असे आता अनेक अभ्यासक मानतात. डोक्यातून खाली पाडलेले छिद्र पाहता ती एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असण्याचा संभव आहे.

तिच्याशी मिळत्याजुळत्या प्रतिमा जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या आहेत. त्यामुळे ही मूर्ती सातवाहनांच्या मुलखातूनच गेली असावी, असे एक मत आहे. तिच्यावर खरोष्ठी अक्षर कोरलेले असल्याने वायव्य भारताकडेही बोट दाखवले जाते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर (तगर) येथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येत असल्याचा उल्लेख आहे, आणि भडोचहून निघणाऱ्या मालात हस्तिदंतही होते. भारताच्या मालापायी साम्राज्याचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार करून ठेवणारा ग्रंथकार थोरला प्लिनीच होता. ज्या चैनीवर त्याने बोट ठेवले, तिचा हा नमुना त्याच्याच मृत्यूला कारण झालेल्या राखेत टिकून राहिला.

ही मूर्ती संग्रहालयाच्या ‘गुप्त दालना’त ठेवलेली आहे. पॉम्पेईतील कामुक चित्रे आणि वस्तू एकत्र करून एकेकाळी कुलपात ठेवलेले हे दालन २००० पासून सर्वांसाठी खुले आहे. मुले बरोबर असतील तर पालकांनी आधी कल्पना घेतलेली बरी.

जाण्यापूर्वी

पॉम्पेईला अलीकडे वर्षाकाठी चाळीस लाखांच्या घरात पर्यटक येतात. नगराची प्रकृती तोळामासाच आहे. २०१० मध्ये पावसाने येथील एक वास्तू कोसळली. तेव्हा जगभर टीका झाली, आणि नंतर युरोपीय संघाच्या साहाय्याने मोठा जतन प्रकल्प राबवण्यात आला. १५ नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार प्रवेशांची मर्यादा घातली असून तिकिटावर प्रवाशाचे नाव असते. त्यामुळे तिकिटे आगाऊ घ्यावीत, नावे पासपोर्टप्रमाणेच द्यावीत आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो. गर्दी नको असलेल्यांनी तो दिवस टाळावा.

सहल ठरवताना चालक आणि मार्गदर्शक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे. इटलीत अवशेषांची माहिती देण्यासाठी परवाना लागतो. परवाना नसलेला चालक प्रवेशद्वाराशी सोडून निघून जातो आणि ‘मार्गदर्शित सहली’चे पैसे देणारा पर्यटक आत एकटा पडतो. प्रवेशशुल्क सहलीच्या दरात धरले आहे की नाही, तेही लेखी घ्यावे.

३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. फरशी खडबडीत असल्याने पकड असलेले बूट हवेत. सावली जवळपास नाहीच. उन्हाळ्यात टोपी अनिवार्य समजावी. पाण्याची बाटली आतील तोट्यांवर भरून घेता येते. पॉम्पेई १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर हे दिवस वगळता वर्षभर खुले असते. संग्रहालय मात्र मंगळवारी बंद असते. तेव्हा दोन्ही एकाच दिवशी पाहायची असतील तर मंगळवार सोडूनच आरक्षण करावे.