टास्कबारवरच्या साडेपाच तासांची कुळकथा

नव्या संगणकावर टास्कबारच्या कोपऱ्यातलं घड्याळ लावायला गेलं की विंडोजच्या यादीत एक ओळ सापडते: अधिक ५.३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. मीरा-भाईंदरकरांनी निवडायची ती हीच. यातल्या पहिल्या तिन्ही शहरांची घड्याळं एके काळी वेगवेगळी वेळ दाखवत.

रेल्वे मद्रासच्या वेळेनं धावे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे मद्रासच्या अर्धा तास मागे. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामाला मद्रासची वेळ लावून पाहिली. शहरानं ती स्वीकारली नाही.

१ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून भारतीय प्रमाणवेळ ठरली आणि मुंबईचा काटा एकदम ३९ मिनिटं पुढे ढकलला गेला. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार माग सोडून बाहेर पडले. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. भोंगा त्याच आकड्याला व्हायचा, पण सूर्य उगवायला अजून ३९ मिनिटं अवकाश असायचा. थंडीत अंधारात घर सोडावं लागणार होतं. महापालिकेनं तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ‘बॉम्बे टाइम’ जपला. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही.

ती ३९ मिनिटं काही नाहीशी झालेली नाहीत. भाईंदरच्या मिठागरांवर किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. ऋतूप्रमाणे थोडा मागेपुढे.

टास्कबार आला १९९५ च्या ऑगस्टमध्ये, विंडोज ९५ बरोबर. त्याच्या चाचणी आवृत्तीतलं घड्याळ सेकंदही दाखवत असे. पण दर सेकंदाला चित्र बदलायचं, तर तेव्हाच्या ४ एमबी मेमरीच्या यंत्राला ते जड जाई, म्हणून सेकंद काढले. विंडोज ११ मध्ये ते २०२३ साली मागून घेता येऊ लागले. विंडोज ९५ मध्येच वेळ निवडायच्या नकाशात काश्मीरचे मोजके ठिपके वेगळ्या रंगाचे झाल्यानं मायक्रोसॉफ्टला भारतातल्या सुमारे दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या होत्या.

आज प्रदेशाच्या सेटिंगमध्ये जाऊन छोट्या तारखेच्या नमुन्यात ‘डी’ तीनदा लिहिला की तारखेशेजारी वारही येतो, आणि तिथलं प्रादेशिक स्वरूप (फॉरमॅट) मराठी असेल तर तो मराठीत येतो. चोवीस तासांचं घड्याळ हवं असेल तर वेळेच्या नमुन्यात ‘एच’ मोठ्या लिपीत लिहायचा. यादीत काबूलचे साडेचार तास आहेत, काठमांडूचे पावणेसहाही आहेत. ४ तास ५१ मिनिटं मात्र कुठेच नाहीत.