नाट्यछटा व एकमुखी लघुनाट्य

एकच व्यक्ती बोलत आहे, तिच्यासमोर दुसरी कोणी तरी आहे, परंतु त्या दुसरीचा एकही शब्द प्रत्यक्ष ऐकू येत नाही आणि तरीही संपूर्ण प्रसंग वाचकापुढे उभा राहतो, अशी अल्पविस्तार नाट्यरचना. मराठीत तिचे ‘नाट्यछटा’ हे गद्यरूप विशेष रूढ आहे. पाश्चात्त्य साहित्यात नाट्यात्म एकभाषित हे काव्यरूप आणि एकमुखी एकांकिका हे रंगभूमीवरील रूप प्रसिद्ध आहे. स्वगताहून हा प्रकार वेगळा होय. स्वगतात पात्र स्वतःशी बोलते, त्यामुळे त्यास खोटे बोलण्याचे फारसे कारण नसते. एकभाषितात ते कोणाला तरी उद्देशून बोलते. त्याला पटवायचे असते, लपवायचे असते, क्वचित धमकवायचेही असते. ऐकणाऱ्याचे मौन वाचकाला आपल्या मनाने भरून काढावे लागते आणि या प्रकाराचा भावपरिणाम मुख्यतः याच मौनातून निर्माण होतो.

संस्कृत नाट्यशास्त्रातील दशरूपकांत ‘भाण’ हा एकअंकी व एकपात्री प्रकार येतो. त्यातील विट रस्त्याने हिंडत असता अदृश्य व्यक्तींशी बोलतो, त्यांचे न ऐकू येणारे शब्द स्वतःच पुन्हा उच्चारतो आणि त्यांना उत्तरे देतो. या युक्तीस ‘आकाशभाषित’ अशी संज्ञा आहे. शूद्रक, ईश्वरदत्त, वररुची आणि श्यामिलक यांच्या नावांवरील चार भाण ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखले जातात. त्यांतील नगरवर्णन व उपहास रसाळ आहे; तथापि भाणाचा कल शृंगार व हास्य यांकडे असल्याने हृदय हेलावून टाकणे हे त्याचे प्रयोजन नव्हते. ते कार्य शास्त्रकारांनी दुसऱ्या एका एकअंकी प्रकाराकडे, ‘उत्सृष्टिकांका’कडे, सोपविले व त्यात करुणरस प्रधान मानला.

थोड्या अवकाशात करुण किती खोल जाऊ शकतो, याचा उत्कृष्ट दाखला म्हणजे भासाच्या नावावरील ऊरुभंग हे एकअंकी नाटक. भीमाच्या गदाघाताने मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाला शोधत त्याचे अंध वडील, डोळ्यांस पट्टी बांधलेली आई, राण्या आणि लहानगा मुलगा दुर्जय रणभूमीवर येतात. मुलगा सवयीने बापाच्या मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्यास अडवावे लागते. महाभारतातील खलपुरुषाविषयी प्रेक्षकाच्या मनात जो आकस असतो, तो या एका कृतीने विरतो. नाटककाराला त्याचे समर्थन करणारी भाषणे लिहावी लागत नाहीत. टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रम येथून 1912 पासून प्रसिद्ध केलेल्या नाट्यसंग्रहामुळे हे नाटक आधुनिक वाचकांपुढे आले.

यूरोपात एकभाषिताला निश्चित घाट दिला तो रॉबर्ट ब्राउनिंग (1812–89) या इंग्रज कवीने. त्याची ‘माय लास्ट डचेस’ ही अवघ्या 56 ओळींची कविता 1842 मध्ये प्रसिद्ध झाली. फेराराचा ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवीत आहे. चित्रावरील पडदा तो स्वतःच सारतो, दुसऱ्या कोणास तो अधिकार नाही. पत्नीचा दोष एवढाच, की ती सर्वांकडे पाहून सारख्याच प्रसन्नतेने हसे. आपल्या पुरातन घराण्याच्या नावाचे तिला विशेष मोल वाटत नसे. पुढे आपण आज्ञा दिल्या आणि ते हसणे थांबले, असे तो सहज सांगून जातो. पाहुणा हा ड्यूकच्या नियोजित दुसऱ्या पत्नीच्या घरून आलेला दूत आहे, हे शेवटी उलगडते. त्याला काय वाटले असेल, हे कवितेत कोठेही नाही. ड्यूक निर्विकारपणे दुसऱ्या एका कलाकृतीकडे वळतो आणि वाचकाच्या अंगावर शहारा येतो. कवीने येथे निषेधाचा एक शब्दही खर्चिलेला नाही. वाचक त्या दूताच्या जागी उभा राहिलेला असतो व त्यालाही बोलता येत नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाट्यगृहांतही ही युक्ती आली. आंद्रे आंत्वान याने पॅरिसमध्ये 1887 साली स्थापिलेल्या ‘तेआत्र लीब्र’ने एकांकिकांना प्रतिष्ठा मिळवून दिली; तोवर मुख्य नाटकापूर्वीची करमणूक एवढेच त्यांचे स्थान बहुतेक ठिकाणी होते. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग याच्या द स्ट्राँगर (1889) या एकांकिकेत नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोन नट्या एका उपाहारगृहात भेटतात. विवाहित नटी अखंड बोलते. दुसरी फक्त ऐकते, हसते, पाहते. बोलता बोलताच पहिलीला आपल्या पतीचे या स्त्रीशी असलेले संबंध उमगतात. अधिक बलवान कोण, हा नावातील प्रश्न मात्र शेवटपर्यंत मोकळा राहतो. झां कॉक्तो याच्या द ह्यूमन व्हॉइस (पॅरिस, 1930) या नाट्यात समोरच्या माणसाची जागा दूरध्वनियंत्राने घेतली. प्रियकराने टाकलेली स्त्री त्याच्याशी अखेरचे बोलते. मधूनच संबंध तुटतो, पुन्हा जुळतो आणि त्या प्रत्येक खंडात तिचा जीव टांगला जातो. बेकेटच्या क्रॅप्स लास्ट टेप (1958) मध्ये एकोणसत्तर वर्षांचा क्रॅप ध्वनिफितीवर आपलाच तीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकतो. येथे बोलणारा आणि ऐकणारा एकच आहे, परंतु त्यांच्यामध्ये सारे आयुष्य पसरलेले आहे.

मराठीत हा प्रकार आणण्याचे श्रेय ‘दिवाकर’ या नावाने लिहिणारे शंकर काशीनाथ गर्गे (1889–1931) यांचे. पुण्यात शिक्षकी पेशात राहिलेल्या दिवाकरांना ब्राउनिंगच्या एकभाषितांपासून स्फूर्ती मिळाली. ‘महासर्प’ ही त्यांची पहिली नाट्यछटा 1911 मधील होय. एकूण एक्कावन नाट्यछटा, एवढाच त्यांचा या प्रकारातील संभार आहे. भाणाच्या आकाशभाषिताशी त्यांच्या तंत्राचे साम्य डोळ्यांत भरते, परंतु तेथून त्यांनी ते उचलले असे म्हणण्यास आधार नाही. ‘चतुर्भाणी’ प्रथम छापली गेली तीच मुळी 1922 साली.

दिवाकरांनी ब्राउनिंगचे अनुकरण केले, एवढे म्हणून भागत नाही. ब्राउनिंगचे वक्ते बहुधा दूरच्या काळातील सरदार, चित्रकार, धर्मगुरू असे आहेत आणि ते छंदोबद्ध बोलतात. दिवाकरांनी पद्य सोडले, इतिहास सोडला आणि पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतले, शाळांतले, रस्त्यावरचे बोलणे जसेच्या तसे गद्यात उतरविले. समोरच्याचे वाक्य प्रश्नार्थाने पुन्हा उच्चारणे, मध्येच तुटलेला शब्द, उद्गार, रेघा, टिंबे यांतून अदृश्य श्रोता जागता राहतो. शीर्षकेसुद्धा पुष्कळदा कोणाच्या तरी तोंडचे वाक्यच असतात : ‘मग तो दिवा कोणता?’, ‘बोलावणे आल्याशिवाय नाही’, ‘कार्ट्या! अजून कसे तुला जगातले ज्ञान नाही?’ या शेवटच्या शीर्षकात दरडावणारा आणि दरडावला जाणारा दोघेही आहेत. पैकी ऐकू येतो तो एकच. ‘पंत मेले-राव चढले’ या चार शब्दांत एका घरचा मृत्यू ही दुसऱ्या घरची बढती होते, हा व्यवहार आटोपला आहे. दांभिकपणा, लोभ, मृत्यूपुढेही न थांबणारा स्वार्थ आणि दुर्बलांविषयीची बेपर्वाई हे त्यांचे आवडते विषय होत. ते कोणाची कानउघाडणी करीत नाहीत. माणूस बोलत राहतो आणि बोलता बोलता उघडा पडतो. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, हीच त्यातली बोच.

दिवाकरांनंतर नाट्यछटा पुष्कळ लिहिल्या गेल्या, परंतु त्यांतील बहुतेक शाळांची स्नेहसंमेलने व वक्तृत्वस्पर्धा यांच्यासाठी. तेथे हा प्रकार टिकला, हे खरे. पण पालटूनही गेला. आठदहा वर्षांच्या मुलाने आजोबांचा आवाज काढून दाखवावा आणि सभागृहाने हसावे, अशी त्याची रीत पडली. हावभावांना गुण मिळू लागले व न दिसणारा श्रोता हळूहळू नाहीसा झाला; मूल परीक्षकांकडे पाहून बोलू लागले. मुलांना रंगभूमीची गोडी लावण्यात या स्पर्धांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करूनही, मूळ प्रकारातील दाहकता तेथे क्वचितच आढळते, असे म्हणावे लागते. मोठ्यांचे क्रौर्य ज्यात उघडे पडते तो प्रकार मुलांच्या करमणुकीसाठी राखून ठेवला जावा, हे काहीसे चमत्कारिकच होय. एकांकिका मात्र महाविद्यालयीन स्पर्धांतून, विशेषतः पुण्यात 1963 पासून होत असलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतून, गंभीर आशयाकडे वळली.

प्रौढ प्रेक्षकांपुढे एकट्याने बोलण्याची परंपरा एकपात्री प्रयोगांनी चालू ठेवली. पु. ल. देशपांडे यांनी 1961 पासून सादर केलेल्या बटाट्याची चाळ या प्रयोगात एकच नट अनेक आवाजांत बोलतो; त्याचे बळ विनोदात आहे, शेवटाकडे मात्र मोडत चाललेल्या जीवनपद्धतीची हुरहुर त्यात उतरते. सुषमा देशपांडे यांचा व्हय, मी सावित्रीबाई हा 1989 मधील प्रयोग वेगळ्या वाटेने जातो. त्यात सावित्रीबाई फुले (1831–97) स्वतःच्या तोंडून आपले आयुष्य सांगतात. ड्यूकच्या कथनात पत्नी केवळ चित्रात उरली होती. येथे पत्नी, शिक्षिका आणि कार्यकर्ती असलेली स्त्री स्वतः बोलते आणि मूक श्रोत्याच्या जागी प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. शहरांतील नाट्यगृहांबरोबरच खेड्यापाड्यांतही या नाट्याचे प्रयोग झाले.