साडेतीन इंच गुणिले चार इंच

माझ्या पिकअपच्या आरसी बुकात इंजिनाची क्षमता २५२३ सीसी अशी लिहिलेली आहे. २००८ सालची बोलेरो कॅम्पर. डबल केबिन, मागे हौदा, डिझेल, फोर बाय फोर. अकोले तालुक्यात काकांच्या शेताकडे जाणारा शेवटचा दोन किलोमीटर रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही, म्हणून ती घेतली. इंजिन दमलेलं होतं. ऑइल खात होतं, चढाला निळा धूर सोडत होतं. हे सगळं माहीत असूनच घेतली, कारण चासी शाबूत होती आणि पुढच्या डिफरन्शिअलला हात लागलेला नव्हता.

इंजिन दुरुस्त करायचं की बदलायचं हे ठरवण्याआधी मी त्याची मापं बघितली. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव १०१.६ मिलिमीटर. अशी चमत्कारिक मापं कोण ठरवतं? नव्वद आणि शंभर का नाही? मग २५.४ ने भागून पाहिलं. साडेतीन इंच आणि चार इंच, अगदी बरोब्बर.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. २००८ सालच्या गाडीच्या पोटात इंच बसलेला असेल, तर तो कुठून तरी वारशाने आलेला असणार. तो शोधता शोधता मी इंग्लंडातल्या डॉनकास्टर गावच्या ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत पोचलो. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकन कंपनी पन्नाशीच्या दशकात तिथे बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर बनवायला लागली. त्याच्या इंजिनाची धाव चार इंच, व्यास तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. त्याचा पुढचा भाऊ बी-४१४. धाव तीच, व्यास वाढवून साडेतीन इंच. म्हणजे २५२३ सीसी. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. पुढे १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रातच विलीन झाली. ज्या घरात ट्रॅक्टर बनत होता, त्याच घरात जीपही बनत होती. बाकीचं सांगायची गरज नाही.

तरी जीपचं सांगायला हवं, कारण खरी गंमत तिथे आहे.

महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे कंपनीच्या नावातला मोहम्मद १९४८ मध्ये जाऊन दुसरा महिंद्रा आला. माझगावला विलीजच्या जीपचे सुटे भाग जोडण्याचं काम १९४७ मध्येच सुरू झालं होतं. महायुद्धात गाजलेली ही गाडी पेट्रोलवर चालायची. २.२ लिटरचं साधं इंजिन, व्हॉल्व्ह बाजूला, त्यामुळे बुटकं. १९५३ मध्ये विलीजने सीजे-३बी हे मॉडेल आणलं. त्यात आकार तोच ठेवून इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. विलीजच्या लोकांनी काय करावं? बॉनेट उचललं. भारतात ज्या जीपचा चेहरा दोन-तीन पिढ्यांनी पाहिला, तो उंच कपाळाचा चेहरा असा आला. इंजिन बदललं, ते बसेना, म्हणून पत्रा वाढवला. कुठल्याही गॅरेजमध्ये हेच करतात. हे फक्त ओहायोतल्या टोलेडोत, कारखान्यात झालं, म्हणून त्याला मॉडेल म्हणायचं.

१९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि बीडीओसाहेबांची जीप खेड्यात जायला लागली. नंतर आरोग्य खात्याची, पोलिसांची, निवडणुकीची. तोवर पेट्रोलचा खर्च सरकार सोसत होतं. सामान्य माणसाच्या हाती जीप आली ती लष्कराच्या लिलावातून, ‘डिस्पोजल’ची म्हणून. आणि तिचं पेट्रोल त्याला परवडेना.

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. आपल्याकडे पेट्रोल ही श्रीमंतांची चैन मानून महाग ठेवलं गेलं, आणि डिझेलवर एसटी, ट्रक, शेतीपंप चालतात म्हणून ते स्वस्त. या धोरणाबद्दल अर्थशास्त्रात बरंच लिहिलं गेलं असेल, पण त्याचा सगळ्यात ठसठशीत परिणाम गॅरेजमध्ये दिसला. देशभरचे मिस्त्री पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल चढवायला लागले. अँबॅसडरमध्ये, जीपमध्ये, जिथे बसेल तिथे. मॅटाडोरचं इंजिन त्यासाठी फार लोकप्रिय होतं. आकुर्डीला बनणारी मॅटाडोर अपघातात गेली की तिच्या इंजिनाला पुढचा जन्म जीपमध्ये मिळायचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली हे गाव तर अशा जीपा बांधण्यासाठीच प्रसिद्ध झालं.

हे काम ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेलं जातं. ते मला पटत नाही. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सला जोडायचं म्हणजे मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. तिच्या एका बाजूला इंजिनाच्या बोल्टची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत, केसभर जरी चुकले, तरी काही हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग वाजायला लागतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांमध्ये एक पान वाढवावं लागतं. ते थरथरतं जास्त, म्हणून माउंटिंगचं रबर वेगळं. आणि पेट्रोलपेक्षा कमी फेऱ्यांवर चालतं. सीजे-३बीच्या डिफरन्शिअलचा रेशो ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला सव्वापाचाहून जास्त फेऱ्या. त्यावर डिझेल बसवलं की गाडी चढावर बैलासारखी ओढते आणि सपाट रस्त्यावर स्कूटरवाला मागे टाकून जातो. हे सगळं मिस्त्रींना माहीत होतं, आणि कॉलेजात जे मला चार वर्षं फळ्यावर शिकवलं ते त्यांनी हाताने सोडवलं होतं.

कंपनीही तेच करत होती. सत्तरच्या दशकात महिंद्राने स्वतःच जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. मग १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून एक्सडीपी ४.९० हे इंजिन घेतलं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास, नावातच माप. त्यानंतरच्या जीपांच्या नावात ‘डीपी’ आलं, ते डिझेल आणि प्यूजो या दोन शब्दांवरून. गिअरबॉक्स आला कोरियाच्या कियाकडून. हो, तीच किया, जिच्या गाड्या आज आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये रांगेने उभ्या असतात. म्हणजे ऐंशीच्या दशकातली एमएम ५४० ही जीप बघा: अमेरिकन सांगाडा, फ्रेंच इंजिन, कोरियन गिअर. जुन्या जीपला इंची पाने लागायचे, प्यूजोला मिलिमीटरचे, त्यामुळे मिस्त्रीच्या पेटीत दोन्ही संच असायचे आणि कुठल्या बोल्टला कुठला लागतो हे पोऱ्यालाही पाठ असायचं.

याच गाड्यांनी पश्चिम महाराष्ट्रात वडाप चालवलं आणि विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी. आत दहा, मागे लटकलेले पाच, टपावर बोचकी. बोलेरो आली २००० मध्ये, सुरुवातीला प्यूजोच्याच वंशातलं इंजिन घेऊन. पुढे तिच्यात डायरेक्ट इंजेक्शनचं २५२३ सीसी आलं, म्हणजे फ्रेंच माप गेलं आणि इंग्लिश माप परत आलं. त्यावर आधी टर्बो चढला, मग कॉमन रेल, मग बीएस-६ चा सगळा सरंजाम. आजही शोरूममध्ये नवी कॅम्पर घ्यायला गेलात तर क्षमता २५२३ सीसीच लिहिलेली दिसेल. मी कामावर ज्या सिस्टीमवर काम करतो, तिच्यात २००४ सालचं एक फंक्शन आहे. त्याला कोणी हात लावत नाही. हे त्याहून चाळीसेक वर्षांनी जुनं निघालं.

आता माझा प्रश्न. संगमनेरच्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, ते साठी ओलांडलेले. त्यांनी डिपस्टिक काढली, वास घेतला आणि म्हणाले, “इंजिनिअर, यात पैसे घालू नका. स्कॉर्पिओचं इंजिन बसवू. पळंल बघा.” त्यांच्या हिशेबाने यात काही गैर नव्हतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं आणि पूर्वी आरटीओची मंजुरी घेऊन असे बदल आरसीवर चढवताही यायचे. पण २००० मध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदललं. उत्पादकाने मूळ जे तपशील दिले, त्यांच्याशी आरसीतले तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला सवलत आहे, पण मोकळीक संपली. तरी राज्याराज्यांत ढिलाई चालू होती. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला ती दोरीही घट्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: बेकायदा बदल केलेल्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मी या कायद्याच्या विरोधात नाही. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. ब्रेक ज्या वजनासाठी बनवले, त्याच्या दीडपट वेगाचं इंजिन वर बसवलं तर समोरून येणाऱ्याचा जीव जातो. शिवाय ज्या आर्थिक कारणाने हे सगळं सुरू झालं, तेही विरघळलं. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि दोन्हींतलं अंतर आटलं. मला खुपतो तो फक्त ‘मूळ’ हा शब्द. या गाडीचं मूळ कुठलं? टोलेडो, डॉनकास्टर, फ्रान्स, कोरिया की कांदिवली? जे पन्नास वर्षं कंपनी करत आली तेच मिस्त्री करत आले. फरक कागदाचा होता, आणि थोडाफार मोजमापाचा.

हा वाद अमेरिकेतही झाला, आणि तिथे महिंद्रा मिस्त्रीच्या जागी होती. २०१८ मध्ये कंपनीने मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी आणली. शेतात, रानात चालवायची, रस्त्यावर नाही. तीच जुनी जीप, आत २.५ लिटरचं डिझेल. जीपचं नाव आता ज्यांच्याकडे होतं त्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते मान्य केलं आणि महिंद्राला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. १९४७ पासून परवान्याने जीप बनवणाऱ्यांना, ती जीपसारखी दिसते म्हणून.

शेवटी मी इंजिन बदललं नाही. नवे लायनर-पिस्टन, नव्या रिंगा, नोझलं तपासून घेतली, पंप कॅलिब्रेट करून आणला. टायर कंपनीने दिलेल्याच मापाचे, फक्त खोल नक्षीचे. पुढे आधीच्या मालकाने लावलेला लोखंडी बंपर होता, तो उतरवला. तसल्या गार्डांवर २०१७ पासून बंदी आहे आणि ते असले की एअरबॅगच्या गाड्यांत सेन्सर फसतात. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीच, पण पायी चालणाऱ्याचं डोकं तेवढंच मऊ असतं. मिस्त्रींनी सगळं मन लावून केलं, पण पूर्ण वेळ ‘स्कॉर्पिओचं बसवलं असतं तर’ हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पासिंग झालं. काकांनी पहिल्याच आठवड्यात हौद्यात भाताची पोती टाकून सगळ्यात वाईट चढ चढवला आणि खाली उतरून धुराचा रंग पाहिला.

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला एक प्लेट टांगलेली आहे. मॅटाडोरचं इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला जोडायची. त्यांनी स्वतः कापलेली, फायलीने घासलेली. बरीच वर्षं कोणी मागितली नाही. नकाशा, ड्रॉइंग काही नाही. साचा म्हणजे तीच. मी ती दोन दिवस मागून घेतली, व्हर्निअरने प्रत्येक भोक मोजलं आणि रात्री बसून लॅपटॉपवर तिचं ड्रॉइंग केलं. गिअरबॉक्सच्या बाजूची मापं इंचात येत होती आणि इंजिनाच्या बाजूची मिलिमीटरमध्ये. सॉफ्टवेअर विचारत होतं, युनिट कुठलं ठेवू.