क्रिस पेरी वाद्यवृंद आणि लॉर्ना

मुंबईतील गोमंतकीय जॅझ वाद्यवृंद व त्याची प्रमुख गायिका. गोव्यातील चर्चशी संलग्न संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलिपीचे शिक्षण घेतलेले अनेक वादक विसाव्या शतकात मुंबईत आले व उपाहारगृहे, हॉटेले आणि चित्रपटसृष्टीत स्थिरावले (पहा : जॅझ संगीत). मडगावजवळच्या बोर्डा येथे जन्मलेले ट्रंपेट व सॅक्सोफोनवादक क्रिस पेरी (१९२८–२००२) त्यांपैकी एक होत. लॉर्ना कोर्देरो (जन्म १९४६) मुंबईच्या असून त्यांनी तरुण वयातच या वृंदात गायनास सुरुवात केली.

ट्रंपेट-सॅक्सोफोनची जोड, जॅझ व लॅटिन अमेरिकी ठेके आणि कोंकणी शब्दरचना ही या वृंदाच्या संगीताची वैशिष्ट्ये होत (पहा : कोंकणी संगीत, मांडो). लॉर्नांचा आवाज भरदार असून शब्दफेक ठसठशीत आहे. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ ही त्यांची प्रसिद्ध गीते. या गीतांच्या ध्वनिमुद्रणांमुळे कोंकणी गीतात जॅझची वाद्यरचना रुजली (पहा : तियात्र). दीर्घ खंडानंतर १९९५ मध्ये लॉर्ना पुन्हा गाऊ लागल्या. पेरी व लॉर्ना यांच्या गीतांवर आधारित ‘नाचोंया कुंपासार’ (२०१४) या चित्रपटास सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.