फुलीची गोष्ट

परवा नातवाने बिस्किटाचा रिकामा खोका उलगडून माझ्यासमोर धरला. आतल्या दुमडलेल्या कडेवर एक बारीक वर्तुळ होतं आणि त्यात फुली. "आजोबा, हे काय?" मी उत्तर दिलं खरं, पण मन चाळीस वर्षं मागे गेलं.

मंडळी, ही फुली म्हणजे रंग जुळवण्याची खूण. रंगीत चित्र छापताना प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते. एकरंगी मशीन असेल तर तोच कागद तीन-चार वेळा आत जातो. प्रत्येक प्लेटवर त्याच जागी फुली असते. सगळ्या फुल्या एकमेकींवर बसून एकच दिसली, तर रंग जागेवर. दोन-तीन दिसल्या, तर रंग हलला. या खुणा चित्राबाहेर, कापून जाणाऱ्या कडेवर घालतात, म्हणून वाचकाला बहुधा दिसत नाहीत.

युक्ती जुनी आहे. जपानमध्ये 1765 च्या सुमारास हारुनोबूची बहुरंगी चित्रं लाकडी ठशांवरून छापली जात. प्रत्येक ठशावर कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि त्याच बाजूवर थोड्या अंतरावर एक सरळ खाच असे. कागद दर वेळी त्या दोन खाचांना टेकवायचा. तिला 'केंतो' म्हणत. आजच्या जपानीत त्याच शब्दाचा अर्थ 'अंदाज' असा आहे! युरोपात एंगेलमानने 1837 मध्ये रंगीत शिळाछापाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथल्या देवदेवता घरोघरी पोचल्या, त्या एकेका रंगाचा दगड जुळवूनच. 1904 च्या सुमारास अमेरिकेत रुबेलने रबरी ब्लँकेटवरून कागदावर छापण्याचं ऑफसेट मशीन केलं. त्यातही सुटा कागद पुढच्या आणि बाजूच्या टेकूंना लागूनच आत जातो. खाचांचंच तत्त्व ते. पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, मग टेकू चोख असूनही रंग सरकतो. तेव्हा मशीनमनला फुलीच सांगते, किती आणि कुठे.

आता माझी गोष्ट. 1984 साली शाळेच्या वार्षिक अंकाचं काम माझ्याकडे होतं. मुखपृष्ठाला नववीतल्या एका मुलीने आपली आजी काढली होती, जात्यावर बसलेली. चित्रकलेच्या सरांनी काळ्या रेषांचं मूळ चित्र ठेवून लाल आणि पिवळ्या रंगासाठी दोन ट्रेसिंग पेपर केले, आणि तिन्हींच्या चारी बाजूंना फुल्या काढल्या. मला त्या गिचमिड वाटल्या. वहीला समास आखायची सवय ना आम्हाला! ब्लेडने तिन्ही कागद कडेला नीट कापले आणि तालुक्याला घेऊन गेलो.

मशीनमन म्हणाला, "गुरुजी, फुल्या कुठंयत?"

"कापल्या. घाण दिसत होत्या."

तो क्षणभर थांबला. "बघतो, जमेल तसं."

त्याने नजरेने जुळवलं. अंक आले, तेव्हा आजीचं कुंकू भुवईवर होतं आणि ओठ हनुवटीवर. मुलीने अंक हातात घेतला, बघितला आणि दप्तरात उलटा ठेवला. काही बोलली नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी सरळ म्हणालो, "प्रेसवाल्यांनी घोळ केला." पुढच्या वर्षी काम दुसऱ्या छापखान्याला गेलं. चित्रकलेच्या सरांना काय ते कळलं असणार, पण तेही गप्प राहिले.

वर्गात मी मुलांना सांगत असे, चूक झाली तर हात वर करा. माझा हात मात्र तेव्हा वर गेला नाही. तो मशीनमन पुढे एकदा एसटी स्टँडवर भेटला, त्याने आपणहून नमस्कार केला, चहा पाजला. तेव्हाही सांगता आलं असतं. मी पावसापाण्याचं बोललो.

असो. त्या मुलीच्या नात्यागोत्यातलं, ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर तिला एवढं कळवा: तुझं चित्र चांगलं होतं, बाळ. फुल्या मी कापल्या होत्या.

नातवाने तो खोका जपून ठेवला आहे. तुमच्या घरी एखादा रिकामा खोका असेल तर उलगडून बघा. फुली सापडली तर जरूर लिहा.